हरभऱ्याला जिवाणू चोळूनही मुळांवर गाठी येत नाहीत? पाकीट बदलायच्या आधी हे तपासा

डिसेंबर लागला की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. हरभरा महिन्या-सव्वा महिन्याचा झालाय, पण अंगच धरत नाही. पानांवर पिवळसर झाक, फुटवे कमी. आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "रायझोबियम लावलं होतं, पीएसबीही लावलं होतं, काही फरक नाही." (रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, पिकाला देणारा जिवाणू; पीएसबी म्हणजे मातीत अडकलेला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळा करणारे जिवाणू.) आमच्या बांधाशेजारचे नाना तर एका वर्षी रिकामं पाकीट घेऊनच आले आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पाकिटमा नुसती माटीच शे, भाऊ!"

मला त्यांचा राग समजत होता, कारण ओळीनं तीन हंगाम माझंही तेच झालं होतं. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं आमचं दोन एकरांचं वावर. बरीच वर्षं त्यात केळीच होती, मग फेरपालट म्हणून हरभरा घेतला. तीनही वर्षं जिवाणू संवर्धन लावलं, तीनही वर्षं मुळं कोरी. दर वर्षी मी पाकीट बदललं, दुकान बदललं. पेरायची पद्धत मात्र एकदाही बदलली नाही, आणि चूक तिथंच होती. ती कशी सापडली त्याच क्रमानं लिहितो.

पिवळेपणा वरून की खालून?

सगळ्यात आधी हे बघा, कारण पिवळा पडलेला प्रत्येक हरभरा नत्राला भुकेला नसतो. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. शेंडा पिवळा, त्यातही कोवळी पानं पिवळी आणि खालची हिरवी असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, विशेषतः पाणी दिल्यावर आठ दिवसांत शेंडे असे पिवळे झालेले दिसतात. जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) आठच्या वर आणि पाण्यात बायकार्बोनेट, म्हणून मुळाला ते उचलता येत नाही. तिथं गाठींचा शोध घेऊन उपयोग नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यात नवीन फूट हिरवी दिसेल.

खालून पिवळं असेल तर पुढे वाचा.

झाड उपटू नका, खणून काढा

आपण चालता चालता झाड ओढतो, मुळं बघतो आणि म्हणतो गाठी नाहीत. काळ्या जमिनीत ओढलेल्या झाडाच्या गाठी मातीतच तुटून राहतात. पेरणीनंतर ३० ते ४५ दिवसांच्या दरम्यान, जमिनीत ओल असताना, झाडाभोवती वीतभर अंतरावर कुदळ घालून मातीच्या ढेकळासकट झाड उचला. ते ढेकूळ बादलीत पाण्यात अर्धा तास ठेवा. चोळू नका, माती आपोआप सुटू द्या. वावरात एकाच जागची नाही, चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणची झाडं घ्या.

आता मुळावर गोळे दिसले तरी घाई करू नका. नखानं गोळा बाजूला ढकलून बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नख लावलं की सुटून येते आणि मूळ शाबूत राहतं. सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म किड्याची, गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच सुजलेलं असतं, गोळा आणि मूळ वेगळे नसतातच. केळी किंवा भाजीपाला होऊन गेलेल्या वावरात हा फरक ओळखता आलाच पाहिजे. "गाठी भरपूर आहेत" म्हणून समाधान मानायचं आणि प्रत्यक्षात तो सूत्रकृमी निघायचा, असं होतं.

गाठ सुटली की नखानं किंवा ब्लेडनं मधोमध कापा. आत कापलेल्या पेरूसारखा गुलाबी ते लालसर रंग दिसला तर गाठ कामावर आहे. पांढरीफटक असेल तर ती अजून कोवळी आहे, नाहीतर आत बसलेला जिवाणू निकामी आहे. हिरवट किंवा तपकिरी म्हणजे तिचं काम संपलंय. घाटे भरायच्या काळात तशा गाठी दिसणं साहजिक आहे, पण महिन्याच्या पिकात दिसणं बरं नाही. गाठी किती आहेत याला मी दुसरं स्थान देतो. मुख्य मुळाच्या वरच्या भागात मोठ्या, गुलाबी पाच-सात गाठी असलेलं झाड मला आवडतं. खालच्या तंतुमुळांवर पसरलेल्या मोहरीएवढ्या पन्नास पांढऱ्या गाठींचा पिकाला काही उपयोग नाही.

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. गाठीतला जिवाणू ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) बळावर त्याचं अमोनियात रूपांतर करतो, ते विकर मोकळ्या ऑक्सिजननं बिघडतं, आणि जिवाणूला जगायला तर ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन ही अडचण सोडवतं: ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजून-मापून देतं. झाड जिवाणूला साखर पुरवतं, जिवाणू झाडाला नत्र. हेल्रीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ मध्ये द्विदल पिकं हवेतला नत्र वापरतात हे दाखवून दिलं आणि दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडच्या बायरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढला. मला या व्यवहाराचं अजूनही नवल वाटतं. गाठ कापली की मी ती घरच्या पोरांना दाखवतो.

मुळं कोरी निघाली तर जिवाणू कुठे मेला?

माझ्या बाबतीत उत्तर पेरणी यंत्राच्या पेटीत सापडलं. चौथ्या वर्षी पेरणी चालू असताना सालदारानं चोळलेलं बियाणं आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) एकाच घमेल्यात कालवलं आणि पेटीत ओतलं. दर वर्षी तसंच करत होतो, त्या दिवशी मात्र मी मूठभर मिश्रण हातात घेतलं. डीएपीचे दाणे ओलसर बियाण्याला चिकटून विरघळायला लागले होते, तळहाताला चिकट, खारट ओल लागत होती. त्या खारात जिवाणू किती वेळ तगणार? गुळाच्या पाण्यानं आपण त्याला बियाण्यावर चिकटवतो आणि लगेच त्याच्यावर खत चोळतो. खत वेगळ्या कप्प्यातून, बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पडलं पाहिजे. तसं यंत्र नसेल तर खत आधी पेरून घ्या, एक फेरी जास्त लागली तरी चालेल.

दुसरी चूकही आमचीच. थायरम, कार्बेन्डाझिम आणि जिवाणू एकाच वेळी, एकाच ड्रममध्ये फिरवायचो. मर रोगासाठी बुरशीनाशक गरजेचं आहे हे खरं, पण क्रम मोडायचा नाही. आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, ते नीट वाळल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. मी आता बुरशीनाशकाच्या जागी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरतो. ते रायझोबियमसोबत नांदतं, रासायनिक बुरशीनाशकासोबत मात्र ट्रायकोडर्माच मरतं, त्यामुळे दोन्हीपैकी एकच निवडा.

आता आमच्याकडे असं चालतं. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा. कोमटसुद्धा नको, आणि नळाचं क्लोरीन घातलेलं पाणीही नको. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट रायझोबियम आणि तेवढंच पीएसबी. सावलीत ताडपत्रीवर बियाणं पसरून त्यावर गुळाचं पाणी शिंपडत हलक्या हातानं चोळायचं. पाणी बेतानंच लागतं. बियाणं भिजून चिंब झालं की साल सुटते आणि उगवण बिघडते. सावलीतच वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. अर्धं बियाणं उरलं तर दुसऱ्या दिवशी परत चोळून पेरतो, कालचं तसंच वापरत नाही.

आणि कोरड्यात पेरून चार दिवसांनी पाणी देणं टाळा. दाण्याला थांबता येतं, पण त्याच्यावरचा जिवाणू कोरड्या, तापलेल्या मातीत रोज कमी होत जातो. ओलीवर पेरा, नाहीतर पेरल्याबरोबर पाणी द्या.

पाकीट खरंच मेलेलं असू शकतं

नानांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. जिवाणू खतं २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्याप्रमाणे पावडरीतल्या रायझोबियम, पीएसबीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू आणि द्रवरूपाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी असले पाहिजेत. हा आकडा कारखान्यातून निघताना असेलही. पण जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारा, आणि खरिपासाठी आलेला माल पत्र्याच्या गोदामात पडून राहून तोच रब्बीला विकला जातो. चाळीसच्या वर काही आठवडे काढलेल्या पाकिटात मोजण्यासारखं काही उरत नाही. एका दुकानात मी स्वतः खिडकीतल्या उन्हात मांडलेल्या बाटल्या पाहिल्यात. म्हणून उत्पादनाची तारीख वाचा आणि शक्य तितका ताजा माल घ्या. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका; ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि घरात माठाशेजारच्या गारव्यात ठेवा.

पाकिटावर पिकाचं नाव आहे का, हेही बघा. मला एका वर्षी "रायझोबियमच आहे, चालतं" म्हणून सोयाबीनचं पाकीट दिलं गेलं होतं. ते चालत नाही. हरभऱ्याचा रायझोबियम वेगळा, सोयाबीनचा वेगळा, आणि मूग, उडीद, तूर, भुईमूग यांचा गट निराळा. मूळ आधी आपल्या ओळखीचा रासायनिक निरोप पाठवतं आणि तो निरोप समजणारा जिवाणूच आत शिरू शकतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पिढ्यानपिढ्या हरभरा होत आलेल्या वावरात त्याचा जिवाणू आधीच वस्तीला असतो, तिथं पाकिटाचा फरक थोडाच दिसतो. माझ्यासारखं केळीतून किंवा उसातून हरभऱ्यावर आलेल्यांना मात्र पाकिटाशिवाय गत्यंतर नाही.

गाठी आहेत, पण पांढऱ्या आणि बारीक

बहुतेक वेळा यामागे युरिया असतो. झाडाला आयतं नत्र मिळालं की ते गाठीला साखर पुरवणं कमी करतं. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही सुरुवातीची शिफारस आहे. ते नत्र म्हणजे गाठी तयार होईपर्यंतची शिदोरी. आपण पहिल्या पाण्यावर "जरा हिरवा होईल" म्हणून वर गोणी-अर्धी गोणी फेकतो आणि नेमक्या गाठी कामाला लागायच्या वेळी त्यांची उपासमार करतो. आधीच्या केळीला ठिबकमधून भरपूर नत्र गेलं असेल तर सुरुवातीचं खतही हात आखडूनच द्यावं, माती परीक्षण करून.

दुसरं कारण पाणी. भारी काळ्या जमिनीत पाटानं पाणी भरलं की भेगा मिटतात, हवा निघून जाते आणि गाठी गुदमरतात. तुषार सिंचन केलं तर हा त्रास निम्म्याहून कमी होतो, हा माझा अनुभव.

मोलिब्डेनमची बाटली घ्या असा सल्ला हल्ली मिळतो. गाठीला मोलिब्डेनम लागतं हे खरं. पण ते आम्लधर्मी जमिनीत अडकतं, आपल्या विम्लधर्मी जमिनीत सहसा मोकळं असतं. तो खर्च मी करत नाही.

पीएसबी टाकलं, तरी स्फुरद कमीच का?

वावरातला चुनखडीचा खडा उचला, त्यावर लिंबू पिळा. फसफसला की समजा, तुम्ही टाकलेल्या डीएपीतला बराच स्फुरद असाच कॅल्शियमशी बांधला जातोय. पीएसबीतले जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि मुळाच्या अगदी जवळच्या मातीत तो बंध थोडा थोडा सोडवतात. म्हणजे ते नवीन स्फुरद आणत नाहीत, अडकलेलाच मोकळा करतात. आणि चुना भरपूर असला की ते आम्ल बघता बघता मारलं जातं. त्यामुळे पाकिटाकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. एखाद-दुसऱ्या वर्षी डीएपी पूर्ण बंद करावं, असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

त्यापेक्षा मोठी अडचण अशी, की या जिवाणूंना खायला काही नसतं. आम्ल बनवायला त्यांना कर्ब (कार्बन) लागतो. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या खाली असलेल्या जमिनीत पीएसबी टाकणं म्हणजे चारा-पाण्याची सोय न करता गोठ्यात बैलजोडी बांधणं. कपाशीच्या काड्या पेटवून द्यायच्या आणि मग पाकिटं विकत आणायची, हे थांबायला हवं. काड्यांची कुट्टी करून जमिनीत जाऊ द्या, केळीचे खांब बांधावर फेकू नका. पीएसबी मुरलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत आठवडाभर झाकून मग दिलं, तर ते नुसतं मातीत टाकण्यापेक्षा कितीतरी चांगलं बसतं.

रब्बी मक्याबद्दल एक. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मक्याची पानं जांभळी पडली की लोक लगेच स्फुरदाची फवारणी घेतात. थंडीत मूळही मंदावतं आणि जिवाणूही. पुष्कळदा ऊन वाढलं की तो जांभळेपणा आपोआप जातो. आठ दिवस थांबून बघायला हरकत नाही.

केळीवाल्यांसाठी: मायकोरायझा

ही जिवाणू नाही, बुरशी आहे, आणि केळीला तिची फार गरज असते. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलतं आणि मग तिथं रिकामं वर्तुळ उरतं. मायकोरायझाचे धागे मुळाच्या केसांहूनही बारीक; ते त्या वर्तुळाच्या बाहेर कित्येक सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणि जस्त आणतात. त्याबदल्यात झाड आपण बनवलेल्या कर्बातला ४ ते २० टक्के वाटा बुरशीला देतं. इतकी किंमत झाड उगाच मोजणार नाही.

टिश्यू कल्चरचं रोप निर्जंतुक बाटलीत वाढलेलं असतं, त्याच्या मुळांवर ही बुरशी नसते. म्हणून मायकोरायझा द्यायचा तर पिशवीत रोप असताना किंवा लागवडीच्या खड्ड्यात, मुळाला लागून. चार महिन्यांच्या बागेत वरून शिंपडलेली पावडर मुळापर्यंत पोहोचायची शक्यता फार कमी.

तीन ठिकाणी आपल्याकडे ती वाया जाते. पहिलं, गुळाचं पिंप. २०० लिटर पाण्यात गूळ घालून त्यात पीएसबी, ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा एकत्र "वाढवायचा" प्रघात पडलाय. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. पिंपात तुम्ही तिला फक्त भिजवता. दुसरं, लागवडीपासूनच १२:६१:०० या विद्राव्य खताचा मारा. विद्राव्य स्फुरद सहज मिळाला की झाड बुरशीला आत घ्यायला उत्सुक राहत नाही. तिसरं, कंदकूज येऊ नये म्हणून आपण ब्लिचिंग पावडर किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करतो, म्हणजे त्याचं पाणी मुळाशी ओततो, आणि दोन दिवसांत त्याच आळ्यात जिवाणू सोडतो. आळवणी लागत असेल तर जरूर करा, पण जिवाणू आणि बुरशी त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, मध्ये एक-दोन पाणी जाऊ देऊन.

कोबी, फुलकोबी, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळांत ही बुरशी राहत नाही. त्यांच्या मागून येणाऱ्या पिकाला ती कमीच मिळते. रोटाव्हेटर पुन्हा पुन्हा फिरवला तरी धाग्यांचं जाळं तुटतं.

या हंगामात काय करायचं

हरभरा महिन्याचा झाला असेल, मुळं कोरी असतील, तर आता जमिनीवर पाकीट ओतून गाठी आणण्याच्या मागे लागू नका, उशीर झाला. फुलोरा लागताना आणि पुन्हा दहा-पंधरा दिवसांनी २ टक्के युरियाची फवारणी द्या, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. फवारणीतलं एवढं नत्र पिकाला सावरतं.

आणि पुढच्या पेरणीला एक काम नक्की करा. वावराच्या मधोमध चार ओळी जिवाणू न लावता पेरा, दोन्ही टोकांना बांबू रोवून ठेवा. बाकी खत, पाणी, फवारणी सगळं सारखं. आमच्या वावरात चौथ्या वर्षी अशाच चार ओळी होत्या. पस्तिसाव्या दिवशी आई बायांबरोबर भाजीसाठी शेंडे खुडत होती, तिनंच बांधावरून हाक मारली की इथला पट्टा फिका का दिसतो. मी आणि नानांनी दोन्हीकडची झाडं खणून एकाच बादलीत भिजत घातली. फिक्या ओळीतल्या झाडाच्या मुळावर दोनच गाठी, त्याही पांढऱ्या. शेजारच्या झाडावर नऊ होत्या. नानांनी त्यातली सगळ्यात मोठी नखानं फोडली आणि गुलाबी झालेलं बोट उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. निघताना त्यांनी विचारलं, पुढची रब्बी पेरायच्या आधी कोणत्या तारखेचं पाकीट घ्यायचं.